वीस फुटाला चाळीस इंच

गुहागरला आमच्या पडवीत बसलं की समोर समुद्र असतो, आणि समुद्र म्हणजे पश्चिम. दिशा कोणाला विचारावी लागेल असं मला बासष्ट वर्षांत कधी वाटलं नव्हतं. म्हणून एप्रिलच्या शेवटी शमीमचा फोन आला आणि ती म्हणाली, "सुमन, पश्चिमेच्या किती उजवीकडं मक्का आहे ते सांगायला आमच्या गावी येशील का?" तेव्हा मी आधी हसले आणि मग बराच वेळ समुद्राकडं बघत राहिले.

शमीम आणि मी एकाच हायस्कुलात वीस-बावीस वर्षं शिकवलं. ती हिंदी, मी गणित. निवृत्त झाल्यावर ती माहेरी गेली, नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठच्या एका लहान गावात. तिथली मशीद जुनी, एका खोलीएवढी. छत गळायला लागलं म्हणून नव्यानं बांधायची ठरली. छत उतरवलं, तीन भिंती पाडल्या आणि मग वाद सुरू झाला. नमाज मक्केकडं तोंड करून पढायची हे सगळ्यांना ठाऊक, पण या गावातून मक्का नेमकी कुठं? म्हातारी मंडळी म्हणाली, सरळ पश्चिमेला. तरुणांनी मोबाईल काढले. तीन मोबाईलांनी तीन दिशा दाखवल्या.

"भाईजान म्हणतात," शमीम सांगत होती, "मोबाईल दाखवतो, पण का दाखवतो ते सांगत नाही. कुणीतरी आमच्यासमोर कागदावर करून दाखवावं. माझ्या ओळखीत कागदावर करणारी तूच आहेस."

मे महिन्यात नगरकडं जायचं म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मी दहावीचं जुनं पुस्तक, कोनमापक आणि दोन सुती साड्या पिशवीत घातल्या आणि निघाले.

भिंगार

नगरच्या स्टँडवर शमीम घ्यायला आली होती. तिचे केस पार पांढरे झाले होते आणि ते तिला शोभत होते. गावाची गाडी चारला होती, म्हणून मधल्या वेळात आम्ही भिंगारला गेलो. तिथल्या जुन्या बाजारात लष्करातून निघालेल्या सामानाचं एक दुकान होतं. बूट, ताडपत्र्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच हिरव्या रंगाचं. मला होकायंत्र हवं होतं. दुकानदारानं फळीवरच्या डब्यातून एक पितळी, झाकणाचं, वजनदार यंत्र काढलं. काच एका कडेला तडकली होती, पण काटा अजून जिवंत होता. यंत्र हातात धरलं की तो थरथरत फिरायचा आणि मग एकदम शांत व्हायचा.

"कुठं जाणार बाई एवढं घेऊन?" त्यानं विचारलं.

"इथंच. नेवाशाकडं."

"नेवाशाला जायला हे लागत न्हाई. रस्ता सरळ हाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

गाडीत मी ते मांडीवर उघडं ठेवून बसले. खिडकीबाहेर ऊस, मग मोकळी काळी रानं, मग पुन्हा ऊस. आमच्याकडं नजर चार पावलं गेली की डोंगराला किंवा माडाला अडते. इथं ती अडतच नाही. उन्हाच्या वाफेत क्षितिज हलत होतं आणि झाडं जमिनीपासून सुटून वीतभर वर तरंगत होती. गाडी वळली की काटा वळायचा, आणि मला उगीच वाटायचं की काटा जागेवरच आहे, आपण सगळेच त्याच्याभोवती फिरतोय. या विचारात मला झोप लागली. जागी झाले तेव्हा शमीम म्हणाली, "तू झोपेत उत्तर, उत्तर म्हणत होतीस."

गावात

शमीमचे भाऊ बशीरभाई अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उंच, वाकलेले, डोळ्यांत सुरमा. ते ओसरीवर माझी वाट बघत बसले होते.

"या बाई. शमी लई सांगती तुमच्याबद्दल. आधी जेवा. दिशा कुटं पळून जात न्हाई."

जेवायला दालचा, म्हणजे चिंच घातलेली आंबट डाळ, आणि भात होता, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी, आणि बाजरीच्या भाकरीचा एक चतकोर माझ्या ताटात मुद्दाम वाढलेला. आमच्याकडं भात हे जेवण आणि भाकरी हौसेची. इथं भाकरी हे जेवण आणि भात पाहुण्यासाठी. दालच्यातली चिंच जिभेवर रेंगाळली. मासा नसलेल्या जेवणानं माझं पोट भरत नाही असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मशिदीच्या जागेवर गेलो. बायकांनी तिथं जावं की नाही अशी शंका मी शमीमजवळ काढली होती. ती बशीरभाईंनी ऐकली. "आत्ता ते बांधकाम हाय," ते म्हणाले. "बांधकामावर बाया येतातच की."

उघड्या चौथऱ्यावर पश्चिमेची एकच भिंत उभी होती. जुन्या विटांची, चुन्याची, माणसाहून हातभर उंच. मधोमध एक साधा कोनाडा. बाकी सगळीकडं वाळू, खडी आणि लोखंडी सळया. मिस्त्री सोपान हा पन्नाशीचा, बोलायला मोकळा माणूस. मशिदीचे इमाम तिशीतले, हळू आवाजात बोलणारे. ते म्हणाले, "बाई, वर्षातून दोनदा सूर्य मक्केत बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी कुठलीही उभी काठी रोवली की सावलीवरून दिशा कळते. त्यातला एक दिवस परवाचाच आहे. दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी."

"मग मला कशाला बोलावलं?" मी विचारलं.

"ढग आले तर?" बशीरभाई म्हणाले. "वळवाचे दिवस हायेत. आनि सावली बी दाखवती नुसतं. सांगत न्हाई."

मी होकायंत्र उघडलं. काटा भलतीकडंच गेला. मी चार पावलं सरकले तर आणखी भलतीकडं. सोपान थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, तुमी सळयांच्या ढिगाजवळ हुब्या हाय." तीन मोबाईलांनी तीन दिशा का दाखवल्या असतील ते तेव्हा उलगडलं. होकायंत्र मी पिशवीत टाकलं आणि शाळेत मुलांना दाखवायचे तो प्रयोग केला. चौथऱ्याच्या बाजूला मोकळ्या जागी एक सरळ काठी ओळंब्यानं उभी केली आणि तिच्याभोवती वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक जिथं वर्तुळाला शिवलं तिथं खिळा. दुपारनंतर ती वाढत जाऊन पुन्हा शिवेल तिथं दुसरा. दोन खिळे जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते.

मधले सहा तास आम्ही लिंबाखाली बसून काढले. सावली आखडत आली, काठीच्या बुडाशी गोळा झाली आणि भर दुपारी किंचित दक्षिणेकडं सांडली. या दिवसांत सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. पुस्तकात मी हे शेकडो वेळा शिकवलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते त्या दिवशी, आणि जग जरासं कलल्यासारखं वाटलं.

दुसरा खिळा बसला. दोरी ताणली. मग ती रेषा आम्ही जुन्या भिंतीपर्यंत नेली आणि मी थक्क झाले. भिंत दोरीला अगदी काटकोनात होती. तिचं तोंड शुद्ध पश्चिमेला होतं, सुतभरही इकडं तिकडं नाही.

"ही कोणी बांधली?"

"अब्बांनी," बशीरभाई म्हणाले. "मी आठ-नऊ वर्षांचा आसंन. घानीत चुना मळायचा, त्यात मी बैल हाकायचो. अब्बांनी बी अशीच काठी रवली हुती. अशीच."

आता उरला हिशेब. मी वहीत काटकोन त्रिकोण काढला. हे गाव इथं, मक्का तिथं. मक्का इथून पावणेदोन अंशांहून जराशी जास्त उत्तरेला आणि पस्तीस अंश पश्चिमेला. अंशांचे किलोमीटर केले. समोरची बाजू, लगतची बाजू, टॅन. सगळे वाकून बघत होते. उत्तर आलं सव्वातीन अंश.

"बाई, आमाला अंशबिंश कळत न्हाई," सोपान म्हणाला. "फुटात नि इंचात सांगा."

"वीस फूट पश्चिमेला जा. तिथून चौदा इंच उत्तरेला."

सोपाननं तसं मापून खुंटी ठोकली आणि बशीरभाईंकडं बघून हसला. "चाचा, चौदा इंच म्हंजी काहीच न्हाई. भिंत पाडायला नको. आतनं तिरका गिलावा नि एक पातळ थर चढवू. भिंत ऱ्हाती तुमची."

बशीरभाई उठले. भिंतीपाशी गेले, तिच्यावर तळवा ठेवला आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. "म्हंजी अब्बा लई चुकलं न्हाईत," ते म्हणाले.

मोबाईलवर ताडून बघ असं शमीम म्हणाली. मी म्हटलं, काही गरज नाही. तेहतीस वर्षं टॅन शिकवलेल्या बाईला मोबाईल काय शिकवणार, असा माझा तोरा होता. तो इथं लिहून ठेवते.

गाळपेर

तिसरा दिवस मोकळा होता. सावलीचा दिवस होऊन गेल्याशिवाय पाया खणायचा नाही असं इमामांनी सांगून ठेवलं होतं. शमीम मला नदीकडं घेऊन गेली. खाली धरणाचं पाणी आहे. उन्हाळ्यात ते मागं सरतं आणि नदीचा गाळ उघडा पडतो. त्या गाळपेरीवर लोक कलिंगडं लावतात. शमीमच्या घरच्यांचाही तसा एक तुकडा होता आणि त्यात उसाच्या पाचटाची एक खोपी.

खोपीत सावली होती आणि वारा होता. पाणी लांब, चकचकीत पत्र्यासारखं पसरलेलं. एका बगळ्यानं अर्धा तास पाय बदलला नाही. आम्ही दोघी आडव्या झालो. शमीम शाळेतल्या जुन्या गोष्टी बोलत होती, बोलता बोलता तिचा आवाज मंदावला आणि ती झोपली. मी अर्धवट जागी होते. मनातल्या मनात मी मक्केला निघाले होते. दोरी धरून, प्रवरा ओलांडून, घाटमाथ्यावरून खाली, समुद्रावर. पाय भिजत नव्हते. माझ्या उशाशी एक कलिंगड होतं, गर्द हिरव्या पट्ट्यांचं. मी झोपेतच त्याच्यावरून बोट फिरवत होते. देठापासून निघालेले पट्टे मधे एकमेकांपासून लांब जात होते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा जवळ येत होते.

आणि मी उठून बसले.

पट्टे सरळ होते, पण समांतर नव्हते. रेखांशही तसेच. माझ्या वहीतला त्रिकोण सपाट कागदावर होता. पृथ्वी तर माझ्या उशाशी पडलेल्या वस्तूसारखी.

शमीमच्या ओढणीचा एक लोंबता दोरा मी हळूच तोडला. कलिंगडावर नखानं दोन टिंबं केली, एक गावाचं, एक मक्केचं, आणि दोरा ताणून धरला. जवळात जवळची वाट. दोरा आडवा गेला नाही. तो गावातून निघतानाच मी काढली होती त्या रेषेपेक्षा बराच उत्तरेकडं वळला, वर चढत मक्केच्याही जराशा वर गेला आणि मग अलगद खाली उतरला.

बीएस्सीला आम्हाला गोलावरची त्रिकोणमिती होती. परीक्षेपुरती पाठ केली होती आणि परीक्षेनंतर पुन्हा कधी लागली नव्हती. सूत्र आठवायला तास गेला. एकदा चुकीचं आठवलं, मग कलिंगडावर पडताळून बरोबर आठवलं. वहीच्या मागच्या पानावर, मोबाईलच्या गणकावर एकेक साइन आणि कोसाइन काढत हिशेब केला. उत्तर आलं साडेनऊ अंश. सोपानच्या भाषेत, वीस फुटाला चाळीस इंच.

चाळीस इंच गिलाव्यात मावत नाहीत. भिंत राहणार नव्हती.

शमीम जागी झाली तेव्हा मी वही बंद केलेली होती. तिनं ते कलिंगड फोडायला घेतलं, मी म्हटलं हे नको, दुसरं फोड. तिला नवल वाटलं, पण तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी बशीरभाई ओसरीवर भलतेच खुशीत होते. त्यांनी मला भिंतीची सगळी हकिगत सांगितली. विटा गावातच भाजल्या होत्या. शेवटचा थर लावताना अब्बांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं आणि वरची वीट त्यांच्या हातानं ठेवून घेतली होती. "ती वीट आजून हाय," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात. उद्या दावतो." मी चहाचा कप धरून ऐकत होते. वही पिशवीत होती, ती मी काढली नाही.

दोन अठ्ठेचाळीस

सकाळी उठले तर पूर्वेला ढग होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. ढग दुपारपर्यंत टिकले तर सावली पडणार नाही, आणि सावली पडली नाही तर माझा हिशेब हाच एक हिशेब. चौदा इंच. भिंत राहील, म्हातारा सुखी राहील, कोणाला काय कळणार. इमाम आदल्या दिवशी म्हणालेच होते की प्रामाणिकपणे दिशा शोधली आणि थोडा फरक राहिला तरी नमाज होते. मी तोंड धुताना, चहा पिताना, केस विंचरताना ढगांकडं बघत होते. ढग राहावेत म्हणून मी इतक्या मनापासून कधी वाट पाहिली नव्हती, आणि कोकणातल्या बाईनं असं म्हणावं म्हणजे बघा.

नऊ वाजता शमीमनं समोर बशी ठेवली आणि म्हणाली, "काल खोपीत काय झालं?"

"काही नाही."

"सुमन, पेपर तपासताना स्वतःची चूक सापडली की तू अशीच गप्प बसायचीस. मग मुलाला बोलावून मार्क वाढवायचीस. आता कोणाला बोलवायचंय?"

मी तिला सांगितलं. ती बोटातली अंगठी फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "भाईजान सहन करतील. पण तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस, हे त्यांना नंतर कळलं, तर ते मला सहन व्हायचं नाही."

बशीरभाई मशिदीच्या जागेवरच होते. सोपान आणि इमामही. मी कालचं कलिंगड आणि दोरा घेऊन गेले. चौथऱ्यावर बसले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं.

"परवा मी चुकले. मी जमीन सपाट धरली. लहान अंतराला चालतं. घर बांधायचं, शेत मोजायचं, तर चालतं. पण मक्का साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब आहे. एवढ्या अंतरात पृथ्वी वाकते." मी दोरा ताणून दाखवला. "हा बघा. खरी सरळ वाट इथून अशी वर जाते. घाट उतरून डहाणूच्या आसपास समुद्राला लागते, समुद्रावरून ओमानच्या किनाऱ्याला, मग वाळवंटातून. चौदा इंच नाही. चाळीस इंच."

सोपाननं दोरा स्वतः धरून बघितला. आडवा धरायचा प्रयत्न केला, तो घसरून वर गेला. दोनदा तसंच झालं. "व्हय," तो हळू म्हणाला. "सुटला की आपसूक वरच जातोय."

बशीरभाई दोऱ्याकडं बघत नव्हते. ते भिंतीकडं बघत होते.

"मंग अब्बा?"

"अब्बांची पश्चिम बरोबर होती," मी म्हटलं. "इतकी बरोबर की मला स्वतःला तशी काढता आली नसती. त्यांनी आणि मी एकच गोष्ट धरली, जमीन सपाट आहे. मला तर शिकवलेलं होतं, तरी मी विसरले."

"आनि त्यांनी पढलेल्या नमाजा?" त्यांनी इमामांकडं बघितलं. "माझ्या? पन्नास-साठ वर्षांच्या?"

इमाम त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "चाचा, ज्यानं शोधलं त्याची नमाज झाली. अब्बांनी काठी रोवून शोधलं. अजून काय करायचं होतं त्यांनी?"

बशीरभाईंनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. ते उठून घरी गेले. मी जेवले नाही. शमीमनं आग्रह केला नाही.

दीड वाजता ढग विरळ व्हायला लागले. दोनला ऊन पडलं, असं की डोळे उघडेनात. सोपाननं चौथऱ्याच्या मध्यावर सहा फुटी बांबू रोवला आणि ओळंबा लावून चारी बाजूंनी तपासला. त्याच्या बुडापासून त्यानं दोन दोऱ्या ताणल्या, एक परवाची चौदा इंचांची, एक आजची चाळीस इंचांची. सावली सूर्याच्या उलट्या बाजूला, पूर्वेकडं पडणार, म्हणून दोऱ्या बांबूच्या मागंही तशाच सरळ वाढवल्या. गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी डोक्यावर टॉवेल घेतलेले, कोणी भिंतीच्या सावलीत. बशीरभाई आले आणि दोऱ्यांच्या टोकाशी खाटेवर बसले.

अडीच वाजता सावली दोन्ही दोऱ्यांपासून बाजूला होती. ती सरकत होती, पण सरकताना दिसत नव्हती. नजर काढून पुन्हा बघितलं की कळायचं. दूर कुठंतरी मोटारीचा पंप चालू होता, त्याची धडधड तेवढी येत होती. मला खोपीतल्यासारखीच गुंगी आली. वाटलं, आत्ता या क्षणी तिकडं मक्केत भर दुपारी माणसं उभी असतील आणि त्यांना सावलीच नसेल. पायाशी वाकून बघितलं तरी सापडणार नाही. आणि तिथं नाहीशी झालेली सावली इथं आमच्या चौथऱ्यावर पडलेली असेल.

इमाम घड्याळ बघत होते. "अठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

सावली चाळीस इंचांच्या दोरीवर होती. दोरी तिच्यात दिसेनाशी झाली होती.

सोपाननं सावलीच्या टोकाशी खूण केली आणि टेप लावला. चार फुटाला इंच-दीड इंच कमी. मी वहीत भागाकार केला. बांबूची उंची आणि सावली यांवरून सूर्य डोक्यापासून किती कलला ते निघतं, ते आलं तेहतीस अंशांच्या आसपास. आणि पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर. म्हणजे अंतरही तेच निघत होतं, माझ्या वहीतलं, साडेतीन हजारांच्या पुढचं. एका बांबूनं दिशा सांगितली होती आणि अंतरही.

"बाई," बशीरभाईंनी विचारलं, "चालत गेलं तर किती दिवस?"

"रोज पंचवीस किलोमीटर चाललात तर पाच महिने. पण मधे समुद्र आहे."

"समुद्र म्या बघितला न्हाई कधी."

"माझ्या घरी या. पडवीतनं दिसतो."

ते कसनुसं हसले. मग खाटेवरून उठून दोरीपाशी आले. सावली तोवर दोरीवरून सुटून पुढं सरकली होती. त्यांनी सोपानला नवी खुंटी पक्की करायला सांगितली आणि चपला काढून दोरीच्या रेषेत, भिंतीकडं जरासे तिरके, उभे राहिले. नमाजेसाठी नव्हे, नुसतेच. आयुष्यभर ज्या कोनाड्याकडं बघितलं तो आता त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कडेला आला होता. थोडा वेळ त्यांनी तसंच बघितलं, आणि मग सोपानला म्हणाले, "उद्या भिंत उतरव. पन फोडू नको. येक येक वीट काढ."

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. निघाले नाही. आणखी तीन दिवस राहिले.

सोपाननं भिंत वरून खाली, थराथरानं उतरवली. जुना चुना इतका धरून बसला होता की विटा सुट्या करताना त्याचे हात सोलून निघाले. बशीरभाई लिंबाखाली पोत्यावर बसून एकेक वीट मांडीवर घेत आणि लोखंडी पट्टीनं तिचा चुना खरवडत. मी आणि शमीम त्यांच्या समोर बसून तेच करत होतो. तीन दिवसांत आमच्या नखांत, केसांत, चहात चुना होता. डाव्या कोपऱ्यातली वरची वीट आली तेव्हा बशीरभाईंनी ती मला दाखवली, बाकीच्यांसारखीच होती, आणि बाकीच्यांबरोबरच रचून ठेवली.

नवा पाया नव्या रेषेत खणला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भरून झाला आणि सोपाननं जोत्यावर पहिला थर घ्यायचा ठरवला. बशीरभाईंनी सांगून ठेवलं होतं की पहिला थर जुन्या विटांचा. माझी गाडी चारला होती. पिशवी घेऊन मी निरोप घ्यायला गेले तेव्हा सोपान हातात वीट घेऊन उभा होता. दोरी ताणलेली, मसाला पसरलेला.

"चाचा, पहिली तुमी ठेवा."

बशीरभाईंनी वीट घेतली. हातात फिरवली, पुन्हा फिरवली.

"कशी बी ठेवा," सोपान म्हणाला. "विटेला पुढची-मागची बाजू नसती."

"आसती," बशीरभाई म्हणाले. त्यांनी विटेची एक बाजू वर केली. तिच्यावर वर्षानुवर्षं दिलेल्या सफेदीचा जाड, निळसर थर होता, तो त्यांनी खरवडला नव्हता. "ही बाजू आतनं हुती. आमच्याकडं तोंड करून. हिनं सगळ्यांच्या नमाजा ऐकल्यात."

ती बाजू आत करून त्यांनी वीट दोरीला लावून ठेवली, आणि तळव्यानं दाबून धरली, मसाला धरेपर्यंत.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शमीमनं माझी पिशवी उचलली. बशीरभाईंनी मान वर केली नाही, पण दुसरा हात कपाळापर्यंत नेला. सोपाननं त्यांच्या हातात पुढची वीट दिली.